गादीची जाहिरात

गादीच्या जाहिरातीसाठी त्याने लिहिलं होतं, "दमलात ना? मग जरा आडवे व्हा." महिनाभर रेडिओवर वाजूनही गाद्या काही खपल्या नाहीत, म्हणून साहेबांनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. तो तोंड पाडून बसला होता, तेवढ्यात एका वयस्कर बाईंचा फोन आला.

"रेडिओवाल्यांनी तुमचा नंबर दिला. ते वाक्य तुमचंच ना?"

"हो. गादीबद्दल काही तक्रार आहे का?"

"छे हो, गादी आमची जुनीच आहे. आमचे हे दोन वर्षं अंथरुणाला खिळलेत. येणारा जाणारा त्यांची चौकशी करतो. मी दमले का, हे कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्या रेडिओने विचारलं आणि मला रडूच कोसळलं. मग हिय्या करून जाऊबाईंना म्हटलं, दुपारी ह्यांच्यापाशी बसाल का? त्या लगेच आल्या. आता मी रोज तासभर झोपते. म्हटलं, तुमचे आभार मानावेत."

लिहिताना त्याच्या डोळ्यांसमोर फक्त गिऱ्हाईक होतं. त्या वाक्यात या बाईंनीच माया ओतली होती.

"आभार मीच मानायला हवेत, काकू," तो म्हणाला. नोकरीला लागल्यापासून आपलं लिहिणं त्याला एवढं आवडलं नव्हतं.