शालिग्राम मास्तरांचा लंगडा पाय

शालिग्राम टेलरमास्तरांच्या तेरवीला वडनेरात माइक लागला, तेव्हाच फारुखच्या घशाला कोरड पडली. चाळीस वर्षं त्यानं मास्तरांच्या दुकानात काजं-बटणं केली होती. आणि आता सरपंच वामनराव म्हणत होते, "चाचा, मास्तरांच्या पायाले गोळी कशी लागली, थे तुमीच सांगा. गावात मास्तरांच्या नावाची कमान बांधून राह्यलो, तिच्यावर तसंच लिहू."

पंचाईत अशी, की गोळी लागलीच नव्हती.

एकाहत्तरच्या लढाईत मास्तर पलटणीचे शिंपी होते. तोफांच्या आवाजात त्यांनी फाटके तंबू शिवले, जवानांचे डगले शिवले आणि धडधाकट परतले. घरी येण्याआधी बायकोला आणायला सासुरवाडीला, सुलतानपूरला गेले. तिथं म्हशीनं लाथ घातली. पाय कायमचा अधू झाला. लंगडत वडनेरच्या फाट्यावर उतरले, तर बँड हजर! लोकांनी आधी पायाला हार घातला, मग गळ्यात. अशा वेळी म्हशीचं नाव कोण काढणार?

पण मास्तरांनी फारुखला बजावून ठेवलं होतं, "मी मेल्यावर खोटं बोलू नको बे. नाहीतर तुह्या मशीनवर येऊन बसीन."

समोर मास्तरांच्या पत्नी अन्नपूर्णावहिनी बसल्या होत्या. तेरा दिवस त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या. त्यांच्यादेखत त्यांच्या मालकाची गोळी काढून घ्यायची? फारुखनं डोळे मिटले.

"गोळी नाही. म्हैस होती."

मांडवातून म्हातारे महादेवराव काठी टेकत उठले. "तुले बी सांगतलं होतं? मले तं पँटीचं माप घेता घेता सांगतलं, अन् कोनाले बोलू नको म्हनून शपथ घातली."

"मले बी!" मागून ज्ञानेश्वर ओरडला. "सदऱ्याच्या वेळी."

"अन् मले लग्नाच्या कोटाच्या..." वामनरावांनी जीभ चावली.

म्हणजे मास्तरांनी हरेक गिऱ्हाइकाला टेप लावून, हात वर करायला लावून हे गुपित सांगितलं होतं. आणि मास्तरांचा मान राहावा म्हणून सगळ्या गावानं ते पन्नास वर्षं एकमेकांपासून लपवलं होतं.

फारुखनं भीत भीत वहिनींकडे पाहिलं. पदर तोंडाला, खांदे हलताहेत. रडतात की काय, म्हणून तो धावला.

"फारुखभाऊ," त्या हसू आवरत म्हणाल्या, "कमानीवर म्हैसच लिहा. माह्या माहेरची होती. जे दुश्मनाले जमलं नाही, थे तिनं एका लाथेत केलं."

फारुखनं आधी पाणी मागितलं. मग बुंदी.