श्रावणचं विमान

व्हेंटची नळी ओढली तशी ती अख्खीच श्रावणच्या हातात आली आणि मागोमाग जुन्या प्लास्टिकचा भुगा त्याच्या सदऱ्यात पडला. विमानाच्या पुढच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात हवा घेण्यासाठी असलेला हा व्हेंट गेली कित्येक वर्षं असाच दगा देत होता. थंडीत शिकाऊ पायलटच्या कपाळावर गार वाऱ्याचा झोत बसायचा. पोरं त्यात रुमाल कोंबून उडायची.

चंद्रपूरच्या बाहेर एका छोट्या धावपट्टीवर विमान शिकवणाऱ्या संस्थेत श्रावण मेकॅनिक होता. हे चार सीटचं जुनं विमान पावसाळ्यापासून शेडमध्ये उभं होतं, त्याचं इंजिन उतरवून नेलेलं होतं. संस्थेचा इंजिनिअर दिनेश म्हणाला होता, की इंजिन नवं होऊन संक्रांतीच्या सुमारास येईल, तोवर आतली हवा तेवढी नीट करून घे. व्हेंट एकदम चांगले झाले पाहिजेत, असं तो दोनदा बजावून गेला.

दिनेशचा शब्द म्हणजे श्रावणला घरचाच शब्द. दोघं चंद्रपूरच्या आयटीआयमधून एकत्रच इथे हेल्पर म्हणून लागले होते. पुढे दिनेशने इंजिनिअरच्या परीक्षा दिल्या. त्या वर्षांत त्याच्या वाटचं धुणं-पुसणं, तेल-पाणी सारं श्रावणने केलं, कारण दोघांतल्या एकाचं तरी भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं. दिनेश पास झाला, साहेब झाला. चारचौघांत श्रावण त्याला साहेब म्हणायचा आणि शेडमध्ये दोघंच असले की दिनेश.

दिवाळीनंतर दिनेश श्रावणच्या घरी चहाला आला होता. श्रावणची बायको नीलाबाई कधी विमानात बसली नव्हती आणि श्रावणही नाही. आयुष्यभर त्याने विमानं वर पाठवली, स्वतः खालीच राहिला. कप खाली ठेवत दिनेश म्हणाला, "वहिनी, इंजिन येऊ द्या. पह्यल्या फेरीत तुमाले दोघाले बसवतो. आरमोरीवरून तुमच्या मायच्या गावावर एक चक्कर मारू." मग त्याने गाव नदीच्या कोणत्या अंगाला, घर शाळेच्या अलीकडे की पलीकडे, तेही विचारून घेतलं. नीलाबाईने त्याच संध्याकाळी माहेरी फोन केला.

त्यामुळे श्रावणने या कामात जीव ओतला. पुढचे दोन्ही व्हेंट त्याने नवे धातूचे बसवले. मागचे जुनेच होते. त्यांच्या नळ्या घासून गुळगुळीत केल्या आणि आत जाड लोकरी नमद्याच्या नव्या चकत्या घातल्या. हवेचा फाटका रबरी होज बदलला. पंखाच्या कडेला जिथून हवा आत शिरते, तिथे कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं निघालं. ते त्याने हळूहळू उकरून काढलं, ब्लोअरने हवा सोडली आणि मागच्या सीटवर बसून पाहिलं. नीला इथे बसेल. गार वारा थेट त्याच्या गालावर आला. नळी आत ढकलली, वारा बंद.

डिसेंबर सरता सरता एक दिवस शेडसमोर ट्रक आणि क्रेन येऊन उभी राहिली. गॅस कटर घेतलेली माणसं उतरली. श्रावणला वाटलं, चुकून आले असतील. तो आडवा आला तेव्हा ट्रकबरोबर आलेल्या जाडजूड माणसाने हसत सांगितलं, की हे विमान आपण घेतलं आहे. हायवेवर त्याचा मोठा ढाबा होता. विमान अंगणात ठेवायचं, आत मुलांचे वाढदिवस करायचे. पंख रस्त्यात मावत नाहीत म्हणून कापून न्यायचे. एसीची हवा तेवढी मूळच्या भोकांतूनच यायला हवी, मजा त्यात आहे.

दिनेश मागेच उभा होता. श्रावण त्याच्याजवळ गेला.

"तुले मालूम होतं?"

"दसऱ्यापासून," दिनेश म्हणाला. "इंजिन येनारच नव्हतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुनं हात लावला नसता. लावला असता तरी असं मन लावून केलं नसतं. मले वरून दम होता, श्रावण."

 

"तू नुसतं कर म्हटलं असतं, तरी केलं असतं," श्रावण म्हणाला. "पन घरी येऊन नीलाले काऊन बोलला तू? तिले तं व्हेंट बसवाचे नव्हते."



कटर पेटवणाऱ्याला श्रावणने थांबवलं. कापू नका, मी खोलून देतो, म्हणाला. तो शिडीवर चढला आणि पंखाचे बोल्ट ढिले करू लागला. थोड्या वेळाने दिनेशने बाह्या वर केल्या आणि पान्हा घेऊन त्याच पंखाशी आला. श्रावण शिडी उचलून पलीकडच्या पंखाकडे गेला. दुपारपर्यंत दोघांनी दोन बाजूंनी काम केलं, पण नजर वर केली नाही. ट्रक निघण्याआधी ढाबेवाल्याने व्हेंट कसे चालतात ते विचारलं. श्रावणने चारही उघडून, बंद करून दाखवले. जोरानं ओढू नका, एवढंच सांगितलं.

घरी त्याने नीलाबाईला सगळं सांगितलं. ती दिनेशला एक शब्द वाईट बोलली नाही. फक्त आईला फोनवर कसं सांगू, म्हणाली. आणि सांगितलं नाहीच.

संक्रांतीला दोघं एसटीने गावी गेले. शेतं कापून मोकळी झाली होती. अंगणात शिरताच नीलाबाई थबकली. अंगणभर एक लालभडक लुगडं अंथरलेलं होतं आणि चारही टोकांवर दगड ठेवले होते. शेजारीण म्हणाली, "तुमची माय रोज सकाळी पसरवते न् दिवस बुडला का उचलते. कोंबड्यालेबी पाय ठेवू देत नाई."

म्हातारी काठी टेकत बाहेर आली. जावयाला पाहून तिने पदर सावरला.

"एवढं लाल वरून दिसते ना, जवाईबापू? का अजून एक जोडू?"

नीलाबाईने मान दुसरीकडे वळवली.

"दिसते, माय," श्रावण म्हणाला. "लय दुरून दिसते."

मग तो खाली वाकला, एकेक दगड उचलून भिंतीशी ठेवला. लुगड्याची दोन टोकं त्याने धरली, दोन नीलाबाईने, आणि दोघांनी ते झटकून, काठाला काठ लावून, हळूहळू घडी घातली.