कृष्णशिखरावर यान नेण्यास मनाई

कुंभिवलीला, हमरस्त्याच्या कडेला, खलीलभाईंचे पंक्चरचे दुकान आहे. वरच्या माळ्यावर पूर्वी झिजलेले टायर रचलेले असत. गेले वर्षभर तिथे एक आकाशगंगा रचली जात होती. खालून ट्रकची चाके उतरवल्याचे आवाज येत, आणि वर, माळा मागून घेतलेली सुरभी ग्रहांच्या एकाकीपणाविषयी लिहीत बसे.

तिच्या अॅनिमेशनपटाचे नाव होते ‘निर्वाताचे यात्रिक’. त्यातल्या तीन नायकांना कोणत्याही शहाण्या ग्रहाने कामावर ठेवले नसते. कप्तान व्योमकेतूला उंचीवर गरगरत असे. यंत्रमानव गंजोबा दमट हवेला भीत असे. आणि त्रिलोचन नावाच्या आचाऱ्याला डोळे तीन होते, पण तिन्हींनी जवळचेच दिसे. कप्तानाला आवाज खलीलभाईंचा, गंजोबाला त्यांच्या पत्नीचा, सफुराभाभींचा. चित्रे काढी कामरान, खलीलभाईंचा भाचा, आणि आचाऱ्याचे बोलही तोच बोले. लेखन, दिग्दर्शन आणि विषाद ही तीन खाती सुरभीकडे होती.

आज दुपारी मुलांच्या एका वाहिनीचे हर्षद पटवर्धन चित्रपट पाहायला येणार होते. पसंत पडला तर मालिका. नाही पडला तर सुरभीच्या वडिलांनी, हिरामणरावांनी, साजगावच्या कारखान्यात तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. सोमवारपासून पॅकिंग विभागाच्या कचेरीत तिला रुजू व्हायचे होते. त्या सोमवारकडे ती, व्योमकेतू कृष्णविवराकडे पाहतो तशी पाहत होती.

शेवटचा प्रसंग कामरानने माथेरानला, आपल्या घरी बसून पुरा केला होता. तो आज सकाळी पेनड्राइव्ह घेऊन खाली उतरला. सुरभीने लिहिले होते ते असे: यान कृष्णशिखराच्या माथ्यावर उतरते, कप्तान कड्यावर उभा राहून विश्वाच्या रिक्ततेला उद्देशून स्वगत म्हणतो, आणि अंधारात पाऊल टाकतो.

पडद्यावर यान डोंगराच्या पायथ्याशी थांबले. समोर एक आडवा दांडा होता. दांड्यापाशी चार हातांचा पहारेकरी उभा होता, आणि त्याचे चारही हात ‘थांबा’ म्हणत होते. यान गुपचूप बाजूला लागले. तिघे उतरले. कप्तान घोड्यावर चढला, आचारी दुसऱ्या घोड्यावर उलटा बसला, गंजोबाला हातरिक्षात घातले गेले, आणि वरात डोंगर चढू लागली.

“कामरान,” सुरभी अत्यंत शांतपणे म्हणाली, “हे काय आहे?”

“शेवट.”

“यान माथ्यावर उतरतं, असं लिहिलं होतं मी.”

कामरान गोंधळला. त्याचा जन्म मोटारबंदीच्या माथेरानचा, वडील तिथल्या हॉटेलात कामाला; शाळेत जाताना त्याने कधी मोटारीचा कर्णा ऐकला नव्हता. “डोंगरावर गाडी कशी नेणार, दिदी? खालीच लावायला लागते.”

“ती गाडी नाही! ते यान आहे!”

“इंजिन हाय ना त्याला?”

सुरभीने संहिता उघडून ‘माथ्यावर’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली.

“घोडे मात्र झकास काढलेस रं,” खलीलभाई म्हणाले. “यान कायतरी पिचकलेल्या डब्यासारखं दिसतं. घोडा बघ, जित्ता हाय!”

“मामू, घोडे रोज बघतो मी. यान कुठं बघू?”

“शेवट दाखवायचाच नाही,” सुरभी म्हणाली. “सांगू, अपुरा आहे.”

“गं बाय माझे,” सफुराभाभी म्हणाल्या, “पाहुण्याला भात वाढायचा नि कालवण उद्या देतो म्हणायचं? तो परत येईल व्हय?”

तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. हर्षद पटवर्धन तासभर आधीच पोहोचले होते.

आता एकच मार्ग उरला. आधी मुद्रित केलेल्या आवाजात यान उतरल्याचा गडगडाट होता आणि स्वगत चढाच्या निम्म्यातच संपत होते. शेवट आला की आवाज बंद करायचा, आणि पाहुण्यांच्या खुर्चीमागे उभे राहून समक्ष बोलायचे. “स्वगतातला एक शब्दही गाळायचा नाही,” सुरभीने खलीलभाईंना कुजबुजून बजावले. “आणि कुणी हसायचं नाही.”

पहिला भाग हर्षदरावांनी, पावती लिहिणाऱ्याच्या चेहऱ्याने, पाहिला. त्यांनी एकदा जांभई दिली. ती सुरभीला आपल्या तारुण्याइतकी दीर्घ वाटली. मग दांडा आला, पहारेकऱ्याचे चार हात आले, आणि आवाज बंद झाला.

खलीलभाईंनी पाहुण्यांच्या कानामागून, खर्जात सुरुवात केली. “हे अथांग रिक्तते! तुझ्या काळ्या ओंजळीत मी माझा शेवटचा उजेड ओततो आहे—”

पडद्यावर कप्तानाचा घोडा थांबला आणि करवंदीच्या जाळीत तोंड घालून चरू लागला. कामरानने तो अगदी मनापासून चरवला होता, घोडा हलेना. स्वगत पुढे जाईना.

“—ओततो आहे,” खलीलभाई पुन्हा म्हणाले. घोडा चरतच होता. “ओततो आहे... चल रं बाबा, चल, ओतायचं हाय मला!”

“कप्तान,” सफुराभाभी गंजोबाच्या कुरकुरत्या आवाजात म्हणाल्या, “तुमचा उजेड सावकाश ओता, हितं धुकं हाय, माझे सांधे गेले.”

“कोण चरतंय?” तिन्ही डोळे बारीक करून आचारी, म्हणजे कामरान, ओरडला. “मला शेपूटच दिसतंय!”

खलीलभाई मात्र वचनाला जागले. उरलेले स्वगत त्यांनी शब्दन् शब्द म्हटले. नक्षत्रांची राख, अस्तित्वाचे ओसाड घाट, सगळे. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी घोड्याची विनवणी केली. माथ्यावर कप्तानाने खाली पाहिले, त्याला गरगरले, आणि त्याने घोड्याच्या मानेला मिठी मारली. अंधारात पाऊल टाकण्याचे राहूनच गेले.

सुरभीने डोळे मिटून घेतले होते. एक अनोळखी आवाज ऐकून तिने ते उघडले. हर्षद पटवर्धन खुर्चीचा हात धरून हसत होते, आणि हसण्याची सवय नसल्यामुळे त्यांना ठसका लागला होता. सफुराभाभींनी पाणी आणले.

“हे बोलणं... रिक्तता वगैरे... कुणी लिहिलं?”

“मी,” सुरभी मान ताठ ठेवून म्हणाली. “ते विनोदी नाही.”

“नाहीच! म्हणून तर!” हर्षदराव डोळे पुसत म्हणाले. “विनोदी लिहिणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत. इतकं गंभीर कुणी नाही. हा माणूस विश्वाचं दुःख सांगतोय आणि घोडा ऐकत नाही! मालिका करू. पण एक अट. दर भागात असंच लिहायचं. मनापासून. दुःख पातळ झालेलं मला चालणार नाही.”

अपमान आणि नेमणूक एकाच वाक्यात मिळाल्यावर माणसाने काय करावे, हे सुरभीला कोणत्याही कवीने शिकवले नव्हते. तिने घोड्याकडे पाहिले. पडद्यावर गोठलेल्या त्या शेवटच्या चित्रात तो अजूनही काहीतरी चावत होता, आणि त्याच्या मानेला बिलगलेला तिचा कप्तान, वर्षभरात प्रथमच, जिवंत दिसत होता.

“लिहीन,” ती म्हणाली. “पण पहिला मसुदा वाचताना कुणी हसायचं नाही.”

“मी हसणारच नाय,” खलीलभाई म्हणाले. “मला त्यातलं समजलं तर हसेन ना!”

हर्षदराव गेल्यावर तिने वडिलांना फोन लावला. पलीकडे शेतावरच्या पंपाची धडधड ऐकू येत होती.

“बाबा, सोमवारी मी साजगावला जात नाही. मालिका मिळाली.”

“काय आवडलं गं त्यांना?”

सुरभीने सत्याला थोडे सजवून पाहिले, मग ते जसे होते तसेच सांगितले. “माझं दुःख.”

“त्याचा पगार देतात?”

“हो. दरमहा.”

हिरामणरावांनी पंप बंद केला.

“मग तुज्या आईला पन इचार,” ते म्हणाले. “तिच्याकडं लय हाय.”