खरखरीतलं गानं

मूर्तिजापूरच्या केशवरावचा रेडिओचा ट्यूनर तीस वर्साचा. काचेमांगं पिवळा दिवा, त्याच्यावरून काटा सरके. अकोला केंद्र लागलं का दोन्ही स्पीकरातून आवाज असा भरे, जसं बोलनारा घरात येऊन बसला. पन काटा जरासा म्होरं गेला का नुसती खरखर.

त्याची बायको मानिकबाई दरयेळी म्हने, "थांबा ना, इथं कोनी बाई गाऊन राहिली."

"भास होते तुले! माह्या मशिनीतून काई सुटत नाई."

शेजारपाजारचेई हासत. शेवटी तिनं बोलनंच सोडलं.

दिवाळीले लेक प्रतीक्षानं अमरावतीहून नवा ट्यूनर आनला. काटा नाई, नुसते आकडे. अकोला लावलं त आवाज साफ, पन कोरडा. केशवराव खूश झाला. "पाहा, जुन्याची गोडी याले नाई!"

"बाबा, आता आईची जागा पाहू." प्रतीक्षानं आकडा टिचकी-टिचकीनं म्होरं नेला. अकोला सुरीनं कापल्यावानी थांबलं. खरखर नाईच. अन दूरवरून एक बाई गाऊन राहिली होती. मधात घेतलेला श्वासई आयकू ये.

केशवराव उभाच राहिला. मानिकबाई खाली बसून झेंडूचे हार ओवत होती.

"त्या खरखरीतून तुले हे आयकू येत होतं?"

"शब्द नाई समजत होते. गळा आयकू येत होता."

केशवरावनं मशिनीकडं पायलंई नाई. तो तिच्याजोळ खाली बसला अन देवळात बोलतेत तसा हळूच बोलला, "मानिक, आनखी काय काय आयकू येते वं तुले?"