भिंतीवरच्या हौसेरावांना हार

वाशीच्या मार्केटमागे एका गोदामाच्या भिंतीवर हौसेराव दोन मजले उंच आहेत. कोपरखैरण्याच्या खोलीत मात्र ते जेमतेम सव्वापाच फूट, आणि पाठ वाकल्यापासून तेवढेही भरत नाहीत. शहराच्या स्वच्छता स्पर्धेसाठी भिंती रंगवायचं फर्मान निघालं तेव्हा जिकडेतिकडे फ्लेमिंगो उगवले. या एका भिंतीवर मैत्री नावाच्या चित्रकार पोरीने हट्टाने माथाडी कामगार काढायचा ठरवला. माथाडीकामातून रिटायर झालेले हौसेराव तिला चहाच्या टपरीवर आयते सापडले.

रंगकाम चाललं तोवर ते रोज तिच्यासमोर स्टुलावर बसले. बायको, राहीबाई, गेल्यापासून त्यांच्या तोंडाकडे एवढा वेळ कुणी पाहिलं नव्हतं. “आजोबा, हसू नका हं,” ती म्हणायची, आणि त्यांना नेमकं तेव्हाच हसू फुटायचं. मग चित्र झालं. मैत्री शिडी आणि डबे घेऊन दुसऱ्या शहराची भिंत रंगवायला निघून गेली. हौसेरावांना आपली संध्याकाळ कुठे ठेवावी ते कळेना, म्हणून ते चित्रासमोर जाऊन उभे राहू लागले.

तिथे ऑफिसची पोरंपोरी सेल्फी काढायची. खांद्यावर टॉवेल, हातात पोत्याचा हूक, कपाळावरच्या आठ्या, सगळं कसं हुबेहूब! पण हुबेहूब कुणासारखं, हे बघायला कुणी मान वळवली नाही. उलट वॉचमनने एकदा हटकलं, “ओ बाबा, इथे लघवी करायची नाय.”

हे सगळं सांगावं असा एकच माणूस होता, धाकटा भाऊ धनाजी. त्याला हौसेरावांनीच साताऱ्याकडच्या गावाहून आणून मार्केटात चिकटवलं होतं. दोघांनी एका खोलीत राहून, एका ताटात जेवून जन्म काढला. पुढे धनाजी गावी परतला, त्याच्या मुलीचं लग्न ठरलं, आणि पत्रिकेत हौसेरावांचं नाव व्याह्यांच्या मेव्हण्याच्याही खाली छापून आलं. थोरला चुलता आणि खाली? हौसेराव लग्नाला गेले नाहीत. धनाजी समजूत काढायला आला नाही. चार वर्षं झाली, दोघंही आपापल्या जागी फुगून बसले होते. हौसेरावांचा राग केव्हाच विरला होता, पण पहिला फोन धाकट्याने करावा, एवढी अट मात्र शिल्लक होती.

दसऱ्याला मार्केटात हत्यारांची पूजा असते. वजनकाटे, हातगाड्या, टेम्पो, जे जे राबतं त्याला झेंडूचा हार. सकाळी हौसेराव पोचले तेव्हा तरण्या माथाड्यांनी गच्चीवरून दोर सोडून चित्रालाही भलाथोरला हार घातला होता. हौसेरावांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“बाबा, जरा बाजूला व्हा,” एक पोरगा म्हणाला, “फोटोत येताय.”

ते बाजूला झाले.

दुपारी खोलीत फोन टिंगटिंग करू लागला. त्या पोराने स्टेटसला टाकलेला फोटो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर पोचला होता. आणि आपल्याकडे फोटोला हार दिसला की माणूस गेला, इतकं साधं गणित. ‘हौसेराव आण्णांना भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग.

हौसेराव आधी खो खो हसले. ‘अरे मी हाय’ असं लिहायला त्यांनी अंगठा उचललाही. मग अंगठा थांबला. बघू तरी, कोण येतंय. कोण म्हणजे कोण, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. धनाजीचा एक शब्द नव्हता त्या ग्रुपवर. मेल्यावर तरी येईल का हा? ते कॉटवर बसून राहिले, चहासुद्धा टाकला नाही.

ऊन उतरायला लागलं आणि फोन वाजला. स्क्रीनवर ‘धना’. चार वर्षांनी ते नाव उजळलं, आणि विचार करण्याआधीच हाताने फोन कानाला लावला.

“हॅलो! धना?”

पलीकडे बसस्टँडचा गलका होता. कुणीतरी ‘स्वारगेट, स्वारगेट’ ओरडत होतं. मग एक मोठा श्वास सुटल्याचा आवाज आला, रडून थकलेल्या माणसाचा सुटतो तसा. आणि फोन बंद झाला.

हौसेरावांनी उलट लावला. पुन्हा लावला. धनाजीने उचलला नाही.

थोड्या वेळाने ग्रुपवर त्याचा मेसेज आला. ‘आण्णा जित्तं हायती. कुनी काय बी टाकू नगा.’

खाली कुणीतरी धनाजीला विचारलं, ‘तात्या, बोललासा का?’

‘न्हाय. आवाज ऐकला. ममईला निघालो हुतो, स्टँडवरनं माघारी आलो.’

त्यावर लोकांनी अंगठे दाखवले आणि ग्रुप दसऱ्याच्या शुभेच्छांकडे वळला. हौसेराव तो मेसेज वाचत राहिले. निघाला होता. पिशवी भरून, गाडी गाठायला स्टँडपर्यंत आला होता. अजून थोडा वेळ आपण मेलेले राहिलो असतो, तर रात्रीपर्यंत धना या दारात उभा राहिला असता, आणि आत यायलाही त्याला कुणाची समजूत काढावी लागली नसती. फोन उचलला हेच चुकलं, असं त्यांना राहून राहून वाटत होतं.