डावा तळहात

वास आधी मला आला. करपल्याचा, पण भाकरी करपल्याचा नव्हे. जेवणाचा डबा घेऊन मी शिरोलीच्या आमच्या शेडच्या दारात उभी होते आणि शशिधर मिस्त्री, म्हणजे आमचे मालक, तापलेली अॅल्युमिनियमची पट्टी डाव्या हातात धरून मला विचारत होते, आज आमटी कसली केलीस.

पट्टी नुकतीच गॅसच्या ज्योतीखालून काढलेली. तिच्यावर चोळलेला साबण काळा पडलेला मला दारातून दिसत होता. साबण काळा पडला की पट्टी मऊ झाली, मग आच काढायची आणि तिला मुकाट्यानं गार होऊ द्यायचं, एवढं मिस्त्र्याची बायको म्हणून मलाही कळतं. आणि हे तिला कोथिंबिरीच्या जुडीसारखं धरून उभे. मी पुढं होऊन हातातल्या डब्यानंच त्यांच्या मनगटावर फटका मारला. पट्टी खाली पडली. तळहातावर आडवा पांढरा पट्टा उमटला होता आणि त्यावरची कातडी सुटली होती.

त्यांनी हात डोळ्यांसमोर धरला. दुसऱ्याच कुणाचा हात बघावा तसा बघितला आणि हसले.

"लागलंच न्हाय की गं मला."

बायामाणसांना भाकरी भाजताना चटका बसतो तेव्हा आम्हीसुद्धा लागलं नाही म्हणतो, पण आधी हात झटकतो, बोट तोंडात घालतो. ह्यांनी काहीच केलं नव्हतं. मी बादलीत त्यांचा हात बुडवला, पदरानं टिपला, तोंडानं शिव्या देत होते. शिव्या दिल्या की माझी भीती जरा कमी होते, सवय आहे ती माझी. त्या दिवशी कमी झाली नाही.

पट्टी राजवीर सरकारांच्या गाडीची होती. गाडी म्हणजे चाकांवरची खोलीच. आत दोन पलंग, स्वयंपाकाचा ओटा, खिडक्यांना पडदे. राजवीरच्या आजोबांच्या वेळी जीपच्या मागं जोडून ती शिकारीला जायची. पुढं गोठ्याच्या मागं पडून राहिली, कोंबड्यांनी घर केलं. आता पन्हाळ्याच्या वाटेवर त्यांनी हॉटेल काढलं होतं आणि दारात ती गाडी पहिल्यासारखी करून उभी करायची होती. रंगारी दुसरा होता. आमच्याकडं आल्या होत्या त्या अंगावरच्या शोभेच्या पट्ट्या. दोन्ही बाजूंनी लांबच लांब जायच्या आणि पुढच्या नाकावर येऊन पंखांसारख्या फाकायच्या. ठेचलेल्या, वाकलेल्या, कुठं चिरलेल्या. नवीन कुठं मिळत नव्हत्या. राजवीर मुंबईला विचारून आले, पुण्याला विचारून आले, सगळ्यांनी सांगितलं, कोल्हापुरातच शशिधर मिस्त्री बघा.

ते हाताची पारख असलेले मिस्त्री होते. पत्र्याचा पोचा डोळ्यांना दिसत नाही, उजेड फसवतो. हे डोळे मिटायचे, डाव्या तळहाताखाली मऊ कापड घ्यायचे आणि पत्र्यावरून हात ओढत न्यायचे. कापड मध्ये असलं की हात अडकत नाही आणि केसाएवढा उंचवटाही कळतो. ते कापड माझ्या जुन्या लुगड्याचं लागायचं, दुसरं चालायचं नाही. लुगडं विटलं की मी पायपुसणं करायच्या आधी ह्यांचा वाटा काढून ठेवायची. हात थांबला की ते म्हणायचे, हितं. आणि उजव्या हातातला लाकडी मोगरा, म्हणजे हातोडा, तिथंच पडायचा.

त्याच हातानं आदल्या आठवड्यात दगा दिला होता. एक बाजू झाली म्हणून राजवीरना बोलावलं, तर उन्हात पट्टीवर लाटा दिसल्या. राजवीर परत परत वाकून बघत राहिले. ह्यांनी पॉलिशवाल्यावर ढकललं. मला तेव्हाच चमकायला पाहिजे होतं. ह्यांनी आयुष्यात कुणावर ढकललं नव्हतं.

घरी आल्यावर एकेक गोष्ट माझ्या डोक्यात जागा धरायला लागली. सदऱ्याची बटणं लावायला हल्ली उशीर होत होता. करंगळी वाकडी राहत होती. कोपराजवळ फिक्कट चट्टा होता, त्याला मी उन्हाचा डाग म्हणत होते आणि खोबरेल लावत होते. अगं बाई, मी खोबरेल लावत होते.

माझं माहेर कोडोलीचं. आमच्या गल्लीत धोंडुबाई म्हणून एक बाई होती. तिला रगतपिती, म्हणजे महारोग, झाली तेव्हा घरच्यांनी मळ्याच्या कडेला पालापाचोळ्याची खोपी करून दिली. लांबून ताट ठेवायचे आणि काठीनं पुढं सरकवायचे. आम्ही पोरी त्या वाटेनं जाताना नाक धरून पळायचो. धोंडुबाई मेल्यावर खोपीसकट जाळली असं मोठी माणसं बोलायची. त्या रात्री मी शेजारी पडून ह्यांचा श्वास ऐकत होते आणि मला ती खोपी दिसत होती.

सकाळी त्याहून वाईट बघितलं. आम्हा लिंगायतांत अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. ह्यांची पूजा कधी चुकली नाही, तापात नाही, प्रवासात नाही. मी चहा ठेवत होते. हे पाटावर बसलेले, विभूती लावलेली, डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तळहात समोर धरलेला होता आणि तो रिकामा होता. लिंग घरंगळून मांडीवरच्या धोतरात पडलं होतं. ह्यांना पत्ताच नाही. रिकाम्या हातासमोर त्यांची पूजा चालली होती.

त्यांनी डोळे उघडले, हाताकडं बघितलं, मग मांडीकडं, मग माझ्याकडं. लिंग उचलून कपाळाला लावलं. त्यांचा चेहरा एवढा भ्यालेला मी कधी बघितला नव्हता, आमची पोरगी दवाखान्यात होती तेव्हासुद्धा नाही.

चहा द्यायला मांडणीवरनं त्यांची कपबशी काढायला गेले तर ती जागेवर नव्हती. खालच्या फळीवर, कोपऱ्यात, त्यांचं ताट, तांब्या आणि कपबशी वेगळी मांडून ठेवली होती. मी ठेवली नव्हती. म्हणजे ह्यांना ठाऊक होतं. किती दिवस ठाऊक होतं कोण जाणे, आणि माणूस एकटाच आपली खोपी बांधत बसला होता.

मला जो राग आला तो सांगता येत नाही. मी ते ताट उचललं, माझ्या ताटात घातलं, तांब्यावर तांब्या आदळला.

"कुणाला इचारून येगळं मांडलं हे?" मी म्हटलं.

"तुला काय व्हायला नगो म्हणून."

"आधी दवाखान्यात चला. मग काय व्हायचं ते दोघांस्नी हुईल."

सरकारी दवाखान्यात निशिगंधा नावाची नर्स होती. वयानं आमच्या पोरीएवढी, पण धीट. तिनं ह्यांना डोळे मिटायला सांगितलं आणि पेनाच्या टोकानं हाताला टोचत गेली. जिथं लागेल तिथं बोट ठेवून दाखवायचं होतं. उजव्या हातावर बोट बरोबर पडत गेलं. डाव्या हातावर ती टोचत होती, करंगळी, तळहात, मनगट, आणि हे डोळे मिटून वाट बघत बसले होते. त्यांना वाटत होतं तिनं अजून सुरू केलं नाही. मी पदराचा बोळा तोंडात धरला.

डॉक्टरांनी चट्टा तपासला, कोपरामागची शीर दाबून बघितली आणि रोगाचं नाव घेतलं. गोळ्या फुकट मिळतील, चुकवायच्या नाहीत, रोग पुरता बरा होतो, असं त्यांनी सांगितलं. ताट वेगळं नको, अंथरूण वेगळं नको. हाताला हात लावून हा रोग होत नाही, हे निशिगंधानं माझ्याकडं बघून दोनदा सांगितलं. मग भाजलेल्या जागी मलमपट्टी केली.

ह्यांनी एकच विचारलं. "हाताला परत कळंल का बाई?"

मलमाची डबी बंद करत ती म्हणाली, "रोग जाईल, मिस्त्री. हाताचं मी खोटं न्हाय सांगत. एवढ्या उशिरा आल्यावर बहुतेक न्हाय."

येताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता घरी जाऊन पडतील. ते शिरोलीच्या फाट्यावर उतरले आणि शेडकडं चालायला लागले. पुढच्या दिवशी राजवीर येणार होते आणि नाकावरचा पंख राहिला होता. शेडच्या दारात थांबून ते हळूच म्हणाले, कुणाला कळलं तर शेडात चिटपाखरू यायचं नाही. भीती त्यांना रोगाची नव्हती तेवढी ह्याची होती. मला दोन्हींची होती.

दुसऱ्या दिवशीची ती सकाळ मी विसरणार नाही. चूल आवरून मी त्यांच्याबरोबरच गेले. त्यांनी पंख लाकडाच्या साच्यावर चढवला, मोगऱ्यानं ठोकला, मग इकडंतिकडं बघून वाकले आणि पट्टीला गाल लावला. गालानं पोचा शोधत होते. डोळे मिटून गाल घासत पुढं सरकत होते आणि गालाला काळा डाग लागत होता. मला ते बघवेना. मी खुंटीवरचा लुगड्याचा तुकडा काढला, तळहाताखाली घेतला आणि त्यांना बाजूला व्हा म्हटलं.

आधी मला काहीच कळेना. धातू सगळा सारखाच. ते म्हणाले, दाबू नको, भाकरीचा पापुद्रा बघतेस तसं बघ. मग कळायला लागलं. एका जागी हात किंचित बुडाला.

"हितं," मी म्हटलं.

मोगरा पडला. परत हात फिरवला. "अजून हाय. हितं." दिवसभर तेच, आधी पंख, मग लाटा राहिलेल्या पट्ट्या. बाहेर पावलं वाजली की मी तुकडा कमरेला खोचून झाडू हातात घ्यायची.

संध्याकाळी राजवीर आले. ह्यांनी आधीच हातावरची मलमपट्टी सोडून खिशात घातली होती, उगाच विचारणा नको म्हणून. राजवीरनी पंख उन्हात धरला, खालून बघितला, वरून बघितला. एकही लाट नव्हती. त्यांचा चेहरा खुलला. आजोबांच्या वेळची गाडी परत दिसली म्हणाले आणि पुढं झाले. ह्यांच्या उजव्या हातात मोगरा होता, म्हणून राजवीरनी डावाच हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि गदागदा हलवला. त्यांचा अंगठा नेमका भाजलेल्या जागेवर होता. आता हे ओरडायला पाहिजेत, निदान हात ओढून घ्यायला पाहिजे, नाहीतर राजवीरना कळेल. हे नुसते हसत होते.

"पकड दांडगी हाय मिस्त्री तुमची," राजवीर म्हणाले. त्यांना काही कळलं नव्हतं.

पट्ट्या टेम्पोत भरून ते गेले. हे दारात उभे राहून टेम्पो वळेपर्यंत बघत होते. मग हात उलटा करून तळव्याकडं बघितलं. जखम परत उघडली होती.

"म्हादेवी," ते म्हणाले, "त्येंचा हात गरम हुता का गार?"

मी काही त्यांचा हात धरला नव्हता.

"गरम हुता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि मोगरा पुसायला घेतला.