सातचा मिस कॉल

"आई, निदान डाळभात तरी घ्या," मी म्हटलं. माझ्या ताटात सात पदार्थ होते आणि सासूबाईंच्या ताटात काकडीच्या दोन चकत्या.

जहाजाच्या जेवणाच्या हॉलमध्ये त्या खुर्चीच्या अगदी टोकाला बसल्या होत्या. एसटीत कंडक्टर उठवेल या भीतीने बसतात तशा. अंगावर हिरवं लुगडं, आणि पायात प्रितेशने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मुद्दाम आणलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. आजूबाजूला आमच्याच भिवंडीतले गोडाऊनवाले सहकुटुंब कोळंबीवर तुटून पडले होते.

"मना भूक न्हाय."

"काल संध्याकाळपासून भूक नाही? बोट लागली का?"

"बोट मना लागंल?" सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच खुळ्यासारखं विचारलं होतं. "तुजा सासरा रेतीच्या होडीवर व्हता तवा मी आठव्या महिन्यात त्याना भाकर पोचवायला होडीतून जायची."

"मग काय झालंय?"

त्यांनी माझ्या पर्सकडे पाहिलं. पर्समध्ये त्यांचा मोबाइल होता, बंद केलेला.

"ते चालू कर ना गो," त्या हळूच म्हणाल्या.

"आई, सकाळपासून पाचव्यांदा सांगतेय. नाही म्हणजे नाही."

माझा स्वभाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. मी अंजूरफाट्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात क्लार्क आहे. ड्रायव्हरने चहाचे दोन रुपये जास्त लावले तरी मला ते लांबून दिसतात. पैसा फुकट गेला की माझ्या पोटात दुखतं आणि मी ते लपवतही नाही. त्यामुळे आमच्या कोन गावच्या नाक्यावरच्या मोबाइलवाल्या श्रीनाथने निघायच्या आदल्या दिवशी जे सांगितलं ते मी मनावर कोरून घेतलं होतं.

"वहिनी, जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की तुमचा फोन आपोआप जहाजाचा टॉवर पकडतो," तो म्हणाला होता. "तो चालतो सॅटेलाइटवर. मिनिटाला दोनशे रुपये, कॉल आला तरी दोनशे. त्यात तुमच्या सासूबाईंचं कार्ड म्हणजे प्रितेशभाऊंचं जुनं, बँकॉकला नेलेलं. त्याला सगळं रोमिंग उघडंय. माझं एक गिऱ्हाईक बिल बघून इथेच खाली बसलं. बोटीवर पाय ठेवायच्या आधी सरळ स्विच ऑफ."

माझा प्रीपेड फोन तर मी घरीच ठेवला. सासूबाईंचा त्यांनी हातातून सोडला नाही, म्हणून तो मी धक्क्यावर काढून घेतला आणि बंद केला. शुक्रवारी संध्याकाळी निघायचं, शनिवारचा दिवस समुद्रात फिरायचं, रविवारी सकाळी परत. दीड दिवसात काय आभाळ कोसळणार होतं?

प्रितेशच्या गोडाऊनवाल्यांच्या मंडळाने ही ट्रिप काढली होती. तिकिटं दोन. बाबांना, म्हणजे माझ्या आजारी सासऱ्यांना, एकटं सोडून आम्ही दोघांनी जाणं शक्य नव्हतं, म्हणून प्रितेश, सासूबाईंचा 'परत्या', म्हणाला, "आईला ने. तिने आयुष्यभर खाडी बघितली, एकदा समुद्र बघू दे." सासूबाई नको नको म्हणत होत्या. बाबांनीच डाव्या हाताने त्यांना दाराकडे ढकललं.

बाबांना दोन वर्षांपूर्वी पॅरालिसिस झाला. उजवा हात थोडा परत आला, वाचा आली नाही. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, खाडीवरच्या दुर्गाडीच्या पुलाखालून हाक मारली की कोनच्या अर्ध्या आळीला ऐकू जायची, तो आता नुसता बघतो. प्रितेशने त्यांच्या गळ्यात मोबाइल अडकवला आणि एक नंबरचं बटण आईच्या नंबरला लावून दिलं. गरज लागली तर दाबा, एवढाच विचार.

पण या दोघांनी त्याचं भलतंच काही केलं. बाबा रेतीच्या होडीवर होते, खाडीत डुबी मारून बादलीने रेती काढायचे. संध्याकाळी होडी वळणावर आली की ते काठावर बादली दोनदा आपटायचे, आणि इकडे सासूबाई चुलीवर भात टाकायच्या. उलट खूण म्हणून त्या पळीने टोपावर दोनदा वाजवायच्या. आता बादलीच्या जागी मोबाइल आला. संध्याकाळी सात वाजता बाबा दाराबाहेरच्या ओट्यावरून बटण दाबतात, आत स्वयंपाकघरात फोन दोनदा वाजतो आणि बंद होतो. सासूबाई लगेच उलट दोन रिंगा देतात. मग ताटं वाढली जातात. ओटा आणि चूल यांत अंतर किती, तर पंधरा पावलं. आळीतल्या बायका हसून हसून बेजार. दोन वर्षांत या फोनवर एकही कॉल उचलला गेला नव्हता.

"विनिता," सासूबाई म्हणाल्या, "त्यांची रिंग आल्याबिगर मी कवा जेवले हाय का?"

मला खरंच ते सुचलं नव्हतं. मी समजत होते, जहाजावरचं जेवण त्यांना रुचत नाही.

"आई, दोनशे रुपये मिनिट आहे."

"उचलायचाच न्हाय तर पैसं कसलं?"

बी. कॉम. झालेली बाई मी. वर्षभराची मोबाइलची बिलं मीच भरते. उचलला नाही तर पैसे पडतात की नाही, हे मी श्रीनाथला विचारलंच नव्हतं. बंद कर म्हणाला, बंद केला.

खालच्या मजल्यावरच्या काउंटरवर जाऊन मी तिथल्या मुलीला हळू आवाजात विचारलं. ती हसून म्हणाली, "नाही मॅडम, कॉल घेतला नाही तर काही चार्ज नाही. मेसेज आले तरी फ्री." सासूबाई माझ्यामागेच उभ्या होत्या. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी नुसता हात पुढे केला.

डेकवर एका बाकावर बसून आम्ही फोन चालू केला. चारी बाजूंनी पाणी, वारा एवढा की लुगड्याचा पदर धरून बसावं लागत होतं. नेटवर्क यायला वेळ लागला. मग फोन थरथरायला लागला तो थांबेचना. प्रितेशचे नऊ मेसेज, इंग्रजी अक्षरांत मराठी. मी ते मनातच वाचत गेले.

"काय लिवलंय?"

"बाबा कालपासून जेवलेले नाहीत. गोळीसुद्धा थुंकली. सारखं बटण दाबताहेत आणि ती बाई बोलतेय, फोन बंद आहे म्हणून. तेच कानाला लावून बसलेत." मी थांबले.

"फुडं वाच."

"त्यांना वाटतंय तुम्ही... प्रितेश सांगतोय, आई बरी आहे, फोन मुद्दाम बंद ठेवलाय. त्यांचा विश्वासच बसत नाही. रडताहेत, असं लिहिलंय."

सासूबाईंनी पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "त्यांचा कसा बसल इस्वास? काळूराम गेला तवा तुजा सासराच गेला व्हता सांगाया."

काळूराम बाबांचा जोडीदार. डुबी मारायला गेला तो वर आलाच नाही. ही गोष्ट मला ठाऊक होती. पण हे पुढचं ठाऊक नव्हतं.

"गुणाबाईला, त्याच्या बायकोला, हे सांगून आलं का काळूराम कल्यानला गेलाय, सांजला येल. लोकांनीच सांगाया लावलं, बाई एकदम ऐकंल तर मरंल म्हनून. ती बिचारी दिवसभर भात झाकून बसली." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पान्यात गेलेल्या मानसाबद्दल घरच्यांना लोक काय सांगतात ते त्याना म्हाईत हाय. परत्या खोटं बोलतो असंच वाटत असंल त्याना."

मला रडू आलं, आणि रागही आला, स्वतःचाच. निघताना मी सगळ्यांना रोमिंग समजावून सांगितलं होतं. प्रितेशला, मंडळाच्या लोकांना, धक्क्यावरच्या हमालालासुद्धा. बाबांना एका शब्दाने सांगितलं नव्हतं. बोलत नाही त्या माणसाला सांगायचं राहूनच जातं.

"लावू का प्रितेशला?" मी म्हटलं.

"थांब." सासूबाईंनी अंगठ्याने चाचपत बटण दाबलं. कानाला न लावता समोर धरला, दोन रिंगा मोजल्या, बंद केला. मग फोन मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी झाकून बसल्या.

मिनिटभराने तो वाजला. एकदा, दोनदा. आता थांबेल म्हणून मी श्वास सोडला. तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा.

"बंद का करत न्हाय?" सासूबाईंचा आवाज बदलला.

"आई, मिस कॉल तर कुणीही देऊ शकतं. मीसुद्धा दिला असेल, असं वाटलं असेल त्यांना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उचलू?"

त्यांनी परवानगी मागितली, माझी. आजही ते आठवलं की मला कुठेतरी तोंड लपवावंसं वाटतं.

"उचला ना आई," मी म्हटलं.

त्यांनी उचलला. फोनवर कसं बोलतात ते त्यांना नीट माहीत नव्हतं, तो त्यांनी तोंडासमोर धरला. मी स्पीकर लावून दिला.

"मी हाय," त्या म्हणाल्या. "ओ, मी हाय. हौसा."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. घशातून निघणारा एक आवाज, घरी तो ऐकला की आम्हांला कळतं, बाबा काही सांगू बघताहेत.

"बुडले न्हाय मी. बोट ही एवढी मोठी हाय, आपल्या आळीएवढी. पोरीनं फोन बंद केला व्हता, पैसं पडतात म्हनून. तिचं काय चुकलं न्हाय. तुमी गोली कशाला थुकली?"

श्वास. मग प्रितेशचा आवाज मागून, "आई, बोल, बोल, ऐकताहेत ते."

आणि मग ठण्, ठण् असं वाजलं. बाबांनी डाव्या हाताने पेला ताटावर दोनदा आपटला होता.

सासूबाईंचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. "बसते," त्या म्हणाल्या. "तुमी बी बसा. परत्या, वाढ त्याना. भात मऊ कर, आमटी जास्ती घाल." मग मला म्हणाल्या, "जा गो, मना भात आन."

मी धावतच गेले. हॉलमध्ये आवराआवर चालली होती, तरी मी भात, डाळ आणि एक तळलेली मांदेली असं ताट आणलं. सासूबाईंनी फोन बाकावर ताटाशेजारी ठेवला, चालूच. बोटांनी भात कालवला आणि जेवू लागल्या. पलीकडून ताटाचा आवाज येत होता. मधेच त्या विचारायच्या, "घास गिलला ना?" आणि पलीकडे पेला एकदा वाजायचा. त्यांनी जेवण उरकायची घाई केली नाही. फोनवर मिनिटं पुढे सरकत होती, चार, सात, अकरा. मी ती बघत होते आणि बंद करा असं माझ्या तोंडून निघालं नाही. सतराव्या मिनिटाला बाबांनी पेला दोनदा आपटला. सासूबाईंनी चमच्याने ताटावर दोनदा वाजवलं आणि मग मला म्हणाल्या, "आता ठेव."

बिल आलं ते मी माझ्या पगारातून भरलं. आकडा प्रितेशलाही सांगितला नाही.

बाबा त्यानंतर चौदा महिने होते. मार्चमध्ये, दुपारी झोपेतच गेले. तेरावं झाल्यावर मी ड्युटीवर जायला लागले. घरून प्रितेशचा फोन यायचा, आई जेवत नाही, भात झाकून ठेवते आणि 'बसते जेवाया मग, बसते मग' एवढंच म्हणते. दोन दिवस हेच चाललं. रात्री मी समोर बसून दोन घास भरवायचे, तेही त्या माझ्या समाधानाकरता खायच्या.

तिसऱ्या दिवशी मी ऑफिसात चलनं आवरत होते. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजले. मी फोन घेतला, सासूबाईंचा नंबर लावला, दोन रिंगा जाऊ दिल्या आणि बंद केला. माझं मलाच कळेना, बरं केलं की जखमेवर बोट ठेवलं. टेबलावरचा फोन बघत बसले. साहेबांनी काहीतरी विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

पाचेक मिनिटांनी तो वाजला. दोनदा वाजला आणि बंद झाला.

मी घरी पोचले तेव्हा त्यांचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. त्या चुलीपाशी पाय पसरून बसल्या होत्या, मोबाइल मांडीवर.

"जेवलात?"

"हाव." मग, माझ्याकडे न बघता, "रोज करशील? तुना पैसं पडतील."

"उचलायचाच नाही तर पैसे कसले, आई?"

त्या उठल्या, माझं ताट घेतलं आणि भातावरचं झाकण काढलं.